पोकळ अक्षरं

२३ सप्टेंबर २००६

"सार, हेच कार्ट्रिज सर्वांत स्वस्त!" दुकानदार सांगत होता. खोका मोठा, पण आत प्रिंटरची शाई किती? सांगेना. खोक्याच्या कडेला बारीक टाइपात पानांचा आकडा असतो. किंमत भागिले पानं, मग कळतं स्वस्त काय ते. हे मला कोणी शिकवलं नाही. कॉम्प्युटरही मी असाच शिकलो. न घेताच परत आलो.

दसऱ्याला आमच्या मराठी मंडळातली लहान पोरं पहिलं अक्षर गिरवायला बसतात. इथं मिळतात ती पानं तमिळची. मराठीची मी छापून देतो, असं चारचौघांत बोलून बसलोय. शाईनं दगा दिला तर पोरं तमिळच गिरवतील — आणि मराठी कायमची राहून जाईल!

२५ सप्टेंबर

नुंगंबाक्कमला महालक्ष्मी म्हणून एका बाईंचं रिफिलचं दुकान आहे. खोट काढायच्या तयारीनंच गेलो. त्यांनी माझं जुनं कार्ट्रिज ओल्या कागदावर दाबलं. काळा पट्टा सलग उमटला. "शाई सोडणारं हेड चांगलं आहे, भरते. पण दोनदाच. तिसऱ्यांदा आलात तर नवीन घ्या म्हणेन." आपलंच गिऱ्हाईक घालवणारी बाई! वर माझ्यासमोर पान छापून दाखवलं. खोट सापडली नाही.

२८ सप्टेंबर

नमुन्याचं पान बायकोनं, हेमलतानं पाहिलं. "एवढं काळंकुट्ट कशाला? कोलममध्ये, तुमच्या रांगोळीसारखंच ते, आम्ही नुसती रेघ काढतो. आत रंग पोरी भरतात."

अक्षरं पोकळ करायची! शाई निम्मीसुद्धा लागणार नाही, आणि पोराला आत पेन्सिल फिरवता येईल. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? ही तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. मराठी माझ्या साताऱ्याच्या मराठीपेक्षा जुनी, गोड बोलते. वाचते मात्र तमिळच — म्हणून तर ही वही टेबलावर बिनधास्त पडलेली असते.

३० सप्टेंबर

'ळ'चं पोट फार सुटलंय. असं पान मी पोरांच्या हातात देणार नाही. "मग उद्या छापतो," हिला म्हटलं. "उद्या आयुधपूजा! यंत्राला हात लावायचा नाही." बरं. दसऱ्याला पहाटे छापीन.

१ ऑक्टोबर

मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, प्रिंटर — सगळ्यांना गंधकुंकू. हात शिवशिवतायत.

२ ऑक्टोबर, दसरा

पहाटे प्रिंटर म्हणतो, कार्ट्रिज ओळखत नाही! दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. बाई येताच, "फसवलंत!" म्हणून ओरडलो. त्यांनी कार्ट्रिज उलटं केलं. ओठ दाबले. "पूजा झकास झाली, सार." प्रिंटर ज्यांवरून कार्ट्रिज ओळखतो त्या तांब्याच्या ठिपक्यांवर चंदन, त्यावर कुंकू! ओल्या फडक्यानं पुसलं, छापून दाखवलं. "शाई बिघडली तर माझ्याकडे या. देवानं अडवलं तर घरीच पुसा."

हात जोडले.

घरी हिला विचारलं. "तुम्हीच म्हणत होतात ना, सगळं त्या शाईवर आहे? मग नुसत्या डब्याला गंध लावून काय होणार? काढलं, लावलं, परत बसवलं." तेही बरोबर बसवलं होतं! मला पहिल्या वेळी जमलं नव्हतं.

पानं वेळेत पोचली. पोरांनी गिरवली. हिनं एक पान मागून घेतलं.

"कोणाच्या पोरासाठी?"

"पोरासाठी कशाला? मला."

ताटातल्या तांदळात आधी बोटानं 'अ' काढला, मग पेन्सिलीनं पानावरचा पोकळ 'अ' भरला. रेघेबाहेर कुठं गेली नाही.

३ ऑक्टोबर

'ई'पर्यंत आली. ही वही कपाटात ठेवावी का? — नको. राहू दे टेबलावरच.