तीन पेडलांपैकी एक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. तक्रार काही नाही, मजेत जगले.

१. दुकान आणि सगळी हत्यारं माझ्या कारागीर बाईंना. बावीस वर्षं त्यांनी माझी बडबडही सोसली आणि माझी गिटारही.

२. वरच्या दोन खोल्या धाकट्या भावाला. मी लग्न केलं नाही, तेव्हा भांडायला दुसरं कुणी यायचं नाही.

३. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना कानात घालायला कापसाची एक पुडी. स्वतःचं यंत्र दिवसभर किर्र करायचं आणि मी गिटारला हात लावला की भिंत ठोकायची, हा कुठला न्याय? वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून कापूस आजच देऊन टाकला.

४. इलेक्ट्रिक गिटार भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भिंगरीला. सोबत तीन डिस्टॉर्शन पेडलांपैकी एक: काळं, पिवळं किंवा हिरवं. साबणाच्या वडीएवढ्या डब्या त्या, पायाने दाबलं की गिटारचा गोड आवाज फाटून भरदार होतो. निवडायचं मात्र माझ्या अटीवर.

काळं मी वाद्यांच्या दुकानातल्या बंद खोलीत एकटीने वाजवून विकत घेतलं होतं. तिथे ते वाघ होतं. पहिल्याच कार्यक्रमात भावाच्या ड्रमपुढे त्याची मांजर झाली, माझा एकही सूर कुणाला ऐकू गेला नाही. मी खापर भावावर फोडलं आणि दोन वर्षं अबोला धरला. चूक माझी होती. तोंडाने कधी कबूल केलं नाही, ते इथे लिहून देते.

आता तोच अबोला बापलेकीत आहे. भिंगरीने गिटारपायी नोकरी सोडली, त्याला अकरा महिने झाले. दोघं वेगवेगळ्या वारी माझ्याकडे येतात आणि हळूच एकमेकांची चौकशी करतात. हट्टी मेले दोघंही, आमचंच रक्त. मला याचं फार वाईट वाटतं.

तर अट अशी: भिंगरीने तिन्ही पेडलं वाजवून बघायची ती बाप शेजारी बसून ड्रम वाजवत असतानाच. त्याने हात राखून वाजवायचं नाही. हे जमत नसेल तर तिन्ही भंगारवाल्याला द्यावीत.

एखाद्या पेडलाला भाऊ म्हणेल, "आवाज कमी कर." भिंगरी, करू नकोस. त्याला तुझं ऐकू येतंय. तेच घे.

सही: भिंगरीची आत्या

साक्षीदार:
१. दातांचे डॉक्टर (कापूस मिळाला)
२. कोपऱ्यावरचे कुलूपवाले

स्थळ: दुकानातलं कामाचं टेबल
दिनांक: ७ मार्च २०२३