आवाजाची वाटणी

मी, भूपाल नेमगोंडा चौगुले, वय अठ्ठावन्न, धंदा छपाईचा, धर्म जैन, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, आज माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून माझ्यामागे कशाचे काय करायचे ते लिहून ठेवत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसा दाखला आमचे डॉ. अमरसिंह देसाई यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट, हे लिहूच नका म्हणून घरातली माणसे मागे लागली आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही असे दवाखान्यात सांगतात, आणि सहीसाठी जो कागद पुढे करतात त्यात सगळी काळजीचीच कारणे छापलेली असतात. तो कागद वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मी दर दोन ओळींनी उठून गॅलरीत जाऊन येतो आहे. आमच्या वकील संयोगिता माने यांनी बजावले आहे की मृत्युपत्रात मिळकत लिहायची, मनातले लिहायचे नाही. त्यांचे ऐकण्याचा मी प्रयत्न करीन.

कलम १. राहत्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा माझी पत्नी रोहिणी हिला. अर्धा तिचा आहेच. तिने तो ठेवावा, विकावा, मधली भिंत पाडावी, कोणी आडवे येऊ नये. हॉलमधल्या मोठ्या टेबलाची तिला अडचण होते हे मी लग्नानंतर थोड्याच दिवसांपासून ऐकत आलो आहे. ते तिने खुशाल काढावे.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि पोस्टातले जे काय असेल ते पत्नी आणि मुलगी आदिती यांना निम्मे निम्मे. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. ‘रत्न प्रिंटर्स’ हे दुकान, कटिंग मशीन, कार्डाला घडी पाडायचे क्रीझिंगचे मशीन आणि माळ्यावरचे सगळे कार्ड आदितीला. ती कॉम्प्युटरवाली आहे, ती मशीन चालवणार नाही हे मला माहीत आहे. तिने ते विकावे, पण भंगारात घालू नये. त्या कटिंग मशीनवर जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका कापल्या गेल्या आहेत, आणि पत्रिकांच्या उरलेल्या कार्डातून आमचा खेळ निघाला आहे.

कलम ४. ‘घाटवाट’ हा खेळ. हा कागद कधी कोर्टात गेला तर साहेबांना कळावे म्हणून लिहितो. हा पटावरचा खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी वैदू होतो, कोणी पळून आलेला शिपाई. सगळ्यांनी मिळून एका घाटातून पलीकडे जायचे. पुढे काय आहे ते कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ते सांगणारा एक जण लागतो. पूर्वी तो मी असायचो. पुढे आदितीने त्याचे ॲप केले आणि त्याला ‘वाटाड्या’ नाव दिले. टॅब टेबलाच्या मधोमध ठेवायचा, फासा टाकून आकडा भरायचा, की वाटाड्या बोलतो आणि नकाशा थोडा उलगडतो. त्याप्रमाणे कार्डाचे तुकडे मांडत पुढे जायचे. वाटाड्याचा आवाज माझा आहे. म्हातारा नावाडी, चिडलेली पाटलीण, रस्ता चुकवणारा गुराखी, सगळे मीच बोललो आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांच्या आडोशाला, कारण तिथे रिक्षांचा आवाज पोचत नाही.

या खेळात कोणालाही मारता येत नाही. हा नियम माझा नव्हे, माझी आई कै. रत्नाबाई, आम्ही जिला अव्वा म्हणायचो, तिचा. मी पहिल्यांदा पट मांडला तेव्हा तिने शेवटच्या गुहेवर बोट ठेवून विचारले, “ह्यो गवा कशाला काढलाईस?”

मी म्हटले, शेवटी त्याला मारायचे.

तिने जपमाळ खाली ठेवली. “पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतंय, बसदीत ऐकलं न्हाईस? पुठ्ठ्याचा गवा काय येगळा हाय?”

बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पिठाच्या कोंबड्याची ती कथा सांगतात: मारायचा संकल्प मनात केला की हिंसा झालीच, समोर पीठ असो की पुठ्ठा. मी मारणे काढून टाकले, गवा तेवढा गुहेत ठेवला. म्हणून आमच्या घाटात चोराला चुकवायचे, वाघाला वाट द्यायची आणि भुताशी बोलून मार्ग काढायचा. सूर्य मावळायच्या आत जेवायचे, हाही तिचाच नियम. आमचा रविवारचा डाव त्यासाठी थांबायचा, म्हणून वाटाड्याही मध्येच म्हणतो, “दिवस कलला, आधी जेवून घ्या.” आदितीने त्यात कोल्हापूरच्या सूर्यास्ताची वेळ घातली. नागपुरात दिवस आधी मावळतो, तिथे ॲपवर खेळणाऱ्या मंडळींना तो खेळातलाच अडथळा वाटला. त्यांनी अंधारात वडे मागवून खाल्ले आणि आम्हाला लिहून विचारले की जेवलो, आता ताकद कितीने वाढली. आदिती ते वाक्य काढणार होती. मी काढू दिले नाही.

तर या खेळाचे सगळे हक्क आदितीचे. आवाजाचे मात्र वेगळे लिहितो. त्या कलमाशी येईपर्यंत मला थोडे गॅलरीत जाऊ द्यावे.

कलम ५. माझा वीस बाजूंचा निळा फासा खालच्या मजल्यावरचे सयाजीराव यांना. आमच्या घरात दर रविवारी फासे टाकून जुगार चालतो, असा अर्ज त्यांनी सोसायटीत आणि मग चौकीत दिला होता. अव्वा जुगारासकट सप्तव्यसनांचा त्याग केलेली बाई, तिच्या जिवाला ते फार लागले. आलेला हवालदार मात्र बसला, खेळला, नावाड्याशी हुज्जत घालून गेला आणि पुढच्या रविवारी परत आला. सयाजीरावांनी तो फासा घ्यावा आणि त्यावर पैसे लावून दाखवावेत.

कलम ६. विश्वजित साळोखे, मंगळवार पेठ, माझा शाळेपासूनचा मित्र. पेठेच्या फुटबॉल टीमसाठी मैदानाच्या कडेला ओरडून ओरडून त्याने आवाज कमावला आहे, आणि घरात बोलतानाही तो तोच वापरतो. घाटवाट खेळायला बसल्यापासून त्याचा एकच हेका आहे. “भूपाल्या, गुहेच्या तोंडाशी आणून बसवलाईस आमाला. एकदा आत तरी जाऊ दे. त्या गव्याला आडवा करतोय का न्हाई बघ.”

खेळाचा शेवटचा भाग, म्हणजे गुहेच्या आतला, मी बोललेलोच नाही. तो विश्वजितला देत आहे. ॲपमध्ये वाटाड्याने गुहेच्या तोंडाशी गप्प व्हावे, आणि पुढचे टेबलाभोवतीच्या कोणीतरी आपल्या तोंडाने सांगावे. आमच्या टेबलावर ते विश्वजितने सांगावे. आत काय आहे ते मी येथे लिहीत नाही, कारण ते मलाच ठरवता आलेले नाही. गव्याला मारायचे की नाही हेही आता त्याचे त्याने बघावे. मी असताना मारू देणार नव्हतो.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर विश्वजित रुसला. “मग मला काय देऊ नगंस,” म्हणाला, “मी सही करतो.” मी त्याला रुसू दिले.

कलम ७. आता आवाज. गेल्या महिन्यात पुण्याची एक कंपनी आदितीकडे आली. त्यांना खेळ हवा आहे, पण त्यात लढाया हव्यात. मी नव्याने काही बोलायचीही त्यांना गरज नाही. माझी जुनी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला ऐकवली की तो माझ्या आवाजात वाटेल ते वाक्य बोलू शकतो. नमुना म्हणून त्यांनी एक पाठवले. आदितीने टॅब माझ्यापुढे ठेवला, आणि मी माझ्या कानांनी मला बोलताना ऐकले, “मारा त्याला. एकालाही जिवंत सोडू नका.”

स्वर माझा, दम टाकायची जागासुद्धा माझी. आतून पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “कुणाला मारायला सांगतायसा?”

आदितीचे म्हणणे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ती म्हणाली, “आण्णा, लढाया नको म्हणून त्यांना सांगू की. पण शेवटचा भाग राहिलाय. तुमचं काही झालं तर तो तुमच्या आवाजात पूर्ण तरी होईल.” हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते. पोर पैशासाठी बोलत नव्हती, भिऊन बोलत होती. मीही भिऊनच नाही म्हणालो. मी गेल्यावर माझ्या तोंडी कोण काय घालील, हे बघायला मी असणार नाही. मरणापेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते, आणि दवाखान्याच्या कागदात याचा उल्लेख नाही.

कलम ८. ~~माझ्या मृत्यूनंतर माझ्या आवाजाची सर्व रेकॉर्डिंग, ॲपमधली आणि घरातली, कायमची पुसून टाकावीत.~~

वरील वाक्य मी स्वतः खोडले असून शेजारी सही केली आहे. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, नवा कागद घ्या, खाडाखोड बरी दिसत नाही. मला ती दिसायला हवी आहे. ती का झाली ते लिहितो.

आज दुपारी हा कागद पत्नीला वाचायला दिला, कारण तिचे नाव त्यात आहे. फ्लॅटचे कलम तिने वाचलेच नाही. आठव्या कलमावर थांबली.

“पुसून टाका म्हणून लिव्हलंय? कुणाला इचारून?”

मी म्हटले, आवाज माझा आहे.

“तुमचा कसा? तुमी बोलून मोकळं हुतायसा. ऐकत कोण आलंय?” ती खुर्ची ओढून बसली. दुपारची ती कधी बसत नाही. “तुमी न्हाई राहिलासा तर ह्या घरात मी काय ऐकू? घड्याळ?”

आदिती तिच्या पाठीशी उभी होती. ती म्हणाली, “आई, म्हणूनच सांगते. नवीन वाक्यं करून घेऊ या. तुला पाहिजे ते आण्णांच्या आवाजात बोलेल.”

“माझं नाव घील?”

“घेईल की. कुठलंही नाव घेईल.”

“मग नको,” पत्नी म्हणाली. “हेंनी लगनात बायकांनी दार अडवलं तवा घेतलं, तेवढंच. आता मशीन घेणार व्हय?”

हे खरे आहे. आमच्या घरात थोरांसमोर बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. आधी “अगं ऐकलंस का” होते, मग “आदितीची आई” झाले. अव्वा गेली, पण सवय तशीच राहिली. नावाडी आणि पाटलीण, सगळ्यांच्या तोंडी मी नावे घातली, आणि त्या शेकडो वाक्यांत रोहिणी हे नाव कुठेही नाही. आदितीने शोधून पाहिले.

म्हणून खोडलेल्या वाक्याऐवजी असे वाचावे. माझी जी रेकॉर्डिंग आहेत ती आहेत तशीच ठेवावीत, त्यांची मालक माझी पत्नी. खेळणाऱ्यांना ती ऐकू द्यावीत. मी जे बोललो तेवढेच माझे. त्यातून एकही नवे वाक्य, चांगले असो वा वाईट, कोणी तयार करू नये, गुहेचेही नाही. कंपनीला हे मान्य असेल तर आदितीने खेळ द्यावा, नसेल तर त्यांनी दुसरा कोणाचा तरी आवाज शोधावा. आदिती, तुला हे पटलेले नाही हे मला ठाऊक आहे. तरीही या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तुझ्याच हाती देत आहे, कारण मला न पटलेल्या गोष्टीही तू नीट करतेस.

कलम ९. पत्नीस तिचे नाव.

साक्षीदार आले तेव्हा दिवस कलायला आला होता आणि पत्नी आत भाकऱ्या करत होती. मी पेन खाली ठेवले. उठलो, आणि जागेवरूनच तिला नावाने हाक मारली. पहिली हाक भाकरीच्या थापांत बुडाली, म्हणून पुन्हा मारली. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. ती बाहेर आली नाही. आतूनच “ओ” म्हणाली.

त्या वेळी टॅब बंद होता, फोन बंद होते. याचे रेकॉर्डिंग नाही आणि असू नये. ही मिळकत पत्नीच्या ताब्यात पोचली असून या कलमाखाली वारसांनी करायचे असे काही शिल्लक नाही.

(सही) भूपाल नेमगोंडा चौगुले

मृत्युपत्र करणाऱ्यांनी आमच्या देखत सही केली, व त्यांच्या देखत आम्ही केली. नवव्या कलमातली हाक आणि तिचे उत्तर, दोन्ही आम्ही कानांनी ऐकले आहे.

साक्षीदार:
१. (सही) गणपतराव सुतार, झेरॉक्सचे दुकान, ‘रत्न प्रिंटर्स’शेजारी, राजारामपुरी
२. (सही) डॉ. अमरसिंह देसाई, राजारामपुरी

कोल्हापूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५