तिकीटवाल्याची चार मिनिटं

३ फेब्रुवारी

आज लिहू, उद्या लिहू करत ही वही तीन आठवडे पिशवीतच राहिली. निघताना ताईने दिली होती. म्हणाली, तू एका जागी टिकत नाहीस, निदान कुठे कुठे टिकला नाहीस तेवढं तरी लिहून ठेव. तर ताई, या खेपेला मी टिकणार असं दिसतंय.

घर दुमजली. खाली मावशी, वर मी आणि चार हजार कॅसेटी. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत, अख्खी गल्लीच त्यांना मावशी म्हणते. पंचवीस वर्षं त्यांनी कॅसेटी भाड्याने द्यायचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं आणि माल घरी आला. आता त्यातले जे सिनेमे कुठेच मिळत नाहीत, ना बाजारात ना स्ट्रीमिंगवर, ते त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात आणि इंटरनेटवर फुकट सोडून देतात. कायद्याने ही चोरी आहे, हे त्यांनी पहिल्या दिवशी चहा पुढे करतानाच सांगून टाकलं. मालकांनी सिनेमा गोदामात कुजवला, मी उचलून लोकांना दिला. मला खुशाल चोर म्हणा, पण खोटारडी म्हणायचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून प्रत्येक सिनेमासोबत एक चिठ्ठी जाते. चित्र कुठे फाटलंय, आवाज कुठे गेलाय, मिनिट-सेकंदासकट. तिचं नाव उणिवांची चिठ्ठी. जे गेलं ते गेलं म्हणायचं, ठिगळ लावायचं नाही.

काम तसं सोपं. कॅसेटची बुरशी पुसायची, पट्टी हाताने एकदा पुढेमागे गुंडाळायची, मशीनमध्ये घालायची आणि सिनेमा संपेपर्यंत शेजारून हलायचं नाही. हे शेवटचं तेवढं मला जड जातं. मावशी म्हणतात, तुझ्या पायाला भिंगरी आहे ती काढून खुंटीला टांग. खिडकीतून समोरची इमारत दिसते. तिथे एक बाई रोज एकच चादर वाळत घालते आणि रोज शेजारणीशी त्याच चादरीवरून भांडते. तेही लिहायचं होतं, पण ते उद्या.

९ फेब्रुवारी

आज मावशींनी एक कॅसेट हातात दिली ती तान्हं मूल द्यावं तशी. एक बाई गेली सहा वर्षं हा सिनेमा मागतायत. काढणारी कंपनी बुडाली, प्रिंटा गेल्या. एका बंद पडलेल्या दुकानाच्या भंगारात ही एवढी एक मिळाली.

गोष्ट बोटीच्या धक्क्यावरची. मी अर्धी पाहिली आणि समोर तिसऱ्या मजल्यावर दोराने कपाट चढवायला लागले. जिन्यात मावत नव्हतं म्हणे. खालचा हुकूम सोडत होता, वरचा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी गॅलरीत गेलो. दहा मिनिटं झाली असतील. मागे कर्र झालं.

मशीनने पट्टी चावली. चित्र वाचलं. पण आवाज पट्टीच्या काठावर असतो, आणि काठ पार चुरगळला. बरोबर चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत धक्क्यावरचा तिकीटवाला नायिकेशी बोलतो. बाकी सिनेमाभर तो मागे नुसता बसलेला दिसतो, बोलतो एवढंच. आणि मी ते ऐकलेलं नाही. मी कपाट बघत होतो.

१० फेब्रुवारी

सांगायला दोनदा जिना उतरलो. एकदा मावशी फोनवर होत्या. दुसऱ्यांदा नव्हत्या, पण मी मीठ मागून परत आलो.

दुपारी दार लावून घेतलं, उशी तोंडाशी धरली, आवाज खाली आणला आणि त्याच्या ओठांकडे बघून सुचेल ते बोलत गेलो. सुटे नाहीत. बस जरा. बोट येईल, न येऊन जाते कुठे. असलं काहीबाही. वर कॅसेटची खरखर पसरली. सातव्या खेपेला ओठ जुळले. चिठ्ठीत लिहिलं: उणीव नाही.

मावशींनी पूर्ण सिनेमा पाहिला. मी नको नको म्हणत असताना जेवायला वाढलं, म्हणाल्या, पोरा, गुण आहे तुझ्या हाताला. मी दोनदा वाढून घेतलं.

१४ फेब्रुवारी

सिनेमा सोडल्यापासून चारशे लोकांनी उतरवून घेतला. मग त्या सहा वर्षंवाल्या बाईंचं पत्र आलं. मावशींनी ते मला उभं करून वाचून दाखवलं.

तिकीटवाला तिचा बाप. ती वर्षाची असताना गेला. नाटकासिनेमात उभं राहायची छोटीछोटी कामं करायचा, बोलायचं काम आयुष्यात एकदा मिळालं, हे. घरात त्याचे तीन फोटो आहेत, आवाज एकही नाही. तिने लिहिलंय, मी रोज सकाळी बाबांना ऐकते. आईलाही ऐकवलं. आईला आधी वेगळाच वाटला, मग म्हणाली, इतकी वर्षं झाली, मीच विसरले असेन. आता आई म्हणते, हाच.

मावशी पदराने डोळे पुसत होत्या. मी खाली फरशीकडे बघत होतो. त्या म्हाताऱ्या बाईकडे नवऱ्याचा जो काही आवाज उरला असेल तोही मी पुसला.

१७ फेब्रुवारी

त्या पत्रवाल्या बाईला लिहायला बसलो. "ताई" लिहिलं. पुढे सुचेना. खरी चिठ्ठी लिहून सिनेमा पुन्हा सोडावा म्हणून फाईल उघडली.

धक्क्यावरच्या पहिल्या दृश्यात तिकीटवाला खिडकीत पाठमोरा बसतो. मी दहा वेळा पाहिलंय, पाठमोरा. आज वळलेला होता. तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज नाही.

डोळे थकले असतील.

१८ फेब्रुवारी

घसा बसलाय. ताईचा फोन आला. मी सगळं सांगत होतो, ती हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी म्हणाली, बोलायचं नाही तर फोन उचलतोस कशाला मेल्या.

मावशींनी मिठाच्या गुळण्या दिल्या. म्हणाल्या, गप्प बसलास ते बरंच झालं, कान निवले.

चार मिनिटांचं दृश्य आता सात मिनिटांचं आहे. मोजलं. दोनदा मोजलं.

१९ फेब्रुवारी

अकरा मिनिटं.

नायिका निघून जाते आणि तो एकटा बोलत राहतो. माझ्या आवाजात. मी न बोललेलं.

मावशींना बोलावून दाखवायला हवं होतं. पण मग पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. — कोंबडं झाकून ठेवलंय मी. दुसरं काय.

२० फेब्रुवारी

तिचं पत्र. म्हणते, बाबा रोज थोडं जास्त बोलतात. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील म्हणून तुम्हालाच लिहिते. काल एका कपाटाबद्दल बोलले. दोराने चढवलेल्या. मग म्हणाले, मी तेव्हा शेजारी नव्हतो. आईला काही कळलं नाही, तुम्हाला कळतंय का.

मावशींनाही कळलं नाही. मला विचारलं. मी मान हलवली. नाही म्हणून. नाही.

घशातून आता खरखरही येत नाही.

२१ फेब्रुवारी

फाईल पुसली. पण चारशे घरांत आहे ती. चारशे घरांत तो माझ्या तोंडून—

तिने कळवलंय, उद्या सकाळी ती येणार. आईला घेऊन. तुम्ही बाबा परत दिलेत, पाया पडायचं म्हणते आई.

पाया. माझ्या.

लिहून देईन. बोलता येत नाही तर लिहून. मी केलं, कपाट बघत होतो, तो आवाज माझा, तुमच्या यजमानांचा नव्हे आजी. एवढं. एका ओळीत मावतं. सकाळी हातात देईन आणि—

२२ फेब्रुवारी, सकाळ

कागद लिहिला. फाडला. परत लिहिला. हा समोर आहे. या खेपेला फाडणार नाही.

दार वाजलं. आल्या.

नाही. मावशी स्वयंपाकघरातून विचारतायत कोण. उत्तर आलं. मावशी हसल्या, म्हणाल्या, घसा सुटला वाटतं, आणि सकाळी सकाळी बाहेर कुठे उलथला होतास, ये, दार लोटलेलंच आहे.

मी इथे आहे. मी वर आहे मावशी—

ओरडतोय. काहीच नाही.

जिना चढतोय तो. चप्पल नाही पायात. सावकाश. बोलत येतोय, पहिल्यापासून, वहीतलं सगळं, मीठ मागितलेलं, दोनदा वाढून घेतलेलं — माझ्याच आवाजात, त्याला दुसरा ठेवलाय कुठे मी — खाली भांडं पडलं. मावशी ऐकतायत.

त्या दोघींची वाट बघत होतो मी. हा तर