सगळ्याजणी रोझेना

ती. आल्बीना आत्यास,

एमिलचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? खसखशीचे कोलाचे पाव अजून पचतात ना? आमच्याकडे लाज सोडून सगळं जागेवर आहे.

पत्रास कारण, चेक मुलखातून इकडे अमेरिकेत आलेल्या आजीचं मूळ शोधायचं माझं खूळ. निवृत्त माणसाने एक तर मासे धरावेत, नाहीतर पूर्वज, आणि मला मासे जमत नाहीत. तेव्हा वही घेऊन मी आपल्या चर्चमागच्या दफनभूमीत हिंडलो आणि थक्कच झालो. घराण्यातल्या अकराही बायकांच्या दगडांवर रोझेना! आजीच्या दगडावर 'मारी होलुबोवा रोझेना पेत्राश्कोवा'. (पेत्राश्कोवा हे मी गाव धरलं. तिकडच्या मोराव्हिया प्रांताचे तीन नकाशे आणले, गाव काही सापडेना.) तिकडच्या दफ्तरखान्याने दोनदा विचारलं, आजीचं माहेरचं आडनाव कळवा. मी दोनदा कळवलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

मग नात झाली. रोझेनाच ठेवायचं, म्हणून मी हटून बसलो. बाप्तिस्म्याच्या जेवणात भाषण ठोकलं, वर रडलो. नाव कसं वाटलं विचारलं तर तू म्हणालीस, "चांगलं आहे की. आपल्या घरातल्या सगळ्याच बायकांचं आहे." तू तोंडाशी रुमाल का धरला होतास, ते आता कळतंय.

गेल्या रविवारी चर्चच्या जत्रेत हानाबाई भेटल्या (मोराव्हियाहून नुकत्याच आल्यात). त्यांनी बाळाचं नाव विचारलं, मी छाती फुगवून सांगितलं.

"रोझेना? बरं, रोझेना कोण?"

"नुसतीच रोझेना."

"अहो, रोझेना म्हणजे माहेरची! पोरीचं नाव 'माहेरची' ठेवलंत?"

म्हणजे पेत्राश्कोवा हे गाव नव्हे. तेच आजीचं माहेरचं आडनाव.

आत्या, हसू नकोस. मी बारा वर्षांचा असताना आजीने भर दुकानात मला चेक भाषेत हाक मारली. पोरं फिदीफिदी हसली, तेव्हा मी म्हणालो, ही बाई आमची नव्हे. त्यानंतर ती माझ्याशी मोडक्या इंग्रजीतच बोलली, मरेपर्यंत. तिची भाषा तेव्हा टाकली नसती तर आज तिचा दगड वाचता आला असता. मला फार लाज वाटते.

तुझा भाचा,
एमिल

ता. क. खरं काम राहिलंच. थँक्सगिव्हिंगला ये आणि सगळ्यांदेखत सांग की रोझेना नावाची एक पणजी खरोखर होती. नव्वदीच्या बाईला कोण खोटं पाडणार?

दुसरा ता. क. वरचं रद्द. सूनबाईने पत्र वाचलं. तिने नावाचा अर्थ शोधला होता, तिला बाप्तिस्म्याआधीच ठाऊक होतं! मग बोलली का नाहीस, म्हटलं, तर म्हणते, "बाबा, तुम्ही पहिल्यांदाच आजीबद्दल बोलत होता. मध्येच कशी थांबवू?" पोरगीही आता त्याच नावाला ओ देते. तेव्हा खोटं बोलायला नको, पण ये. माहेरचीला चेक शिकव. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसेन. दार तेवढं उघडं ठेव.