शिवानीचा बुधवार

४ जून, बुधवार
आमच्या हॉस्पिटलातल्या डॉ. शिवानीची फेलोशिपसाठी निवड झाली. तीन वर्षं पगार फेलोशिप देणाऱ्या ट्रस्टचा. बुध ते शुक्र फक्त संशोधन, पेशंट तपासायचे नाहीत. साप चावलेल्याच्या अंगात विष भिनलंय का, हे थेंबभर रक्तावरून खाटेपाशीच सांगणारी चाचणी तिला तयार करायची आहे. मार्गदर्शक मी. संकल्प : दर बुधवारी चार वाजता तिला एक तास. मोबाइल बंद. चाकूरच्या किराणा दुकानातून निघून नांदेडात हॉस्पिटल उभं केलं, मला कुणी हात दिला नाही. मी देणार.

११ जून
तास राहिला. अभिनंदनाचा फ्लेक्स पास करायचा होता. माझा फोटो थोडा मोठा झालाय, पण लोक ओळखीचा चेहरा आधी बघतात. पोरीचाच फायदा. ती म्हणाली, सर, अजून काहीच केलं न्हाई, सत्कार कशाचा? नम्र आहे.

२ जुलै, बुधवार
लातूरला नीटच्या क्लासवाल्यांनी बोलावलं. शाल, श्रीफळ. मी पाऊण तास बोललो, ती आभारापुरती. इकडं नायगावहून साप चावलेला पेशंट आला. औषध सुरू व्हायच्या आत नमुना घ्यायचा असतो, आणि घेणारी स्टेजवर. पेशंट बरा होऊन घरी गेला, म्हणजे नुकसान कुणाचंच नाही. येताना गाडीत तिनं शाल न उलगडताच मागं टाकली. दमली असेल.

१७ जुलै
माझे कान तिखट. बिल कमी करायला नातेवाईक कुणाचं नाव घेणार, ते केबिनच्या काचेतून आधीच कळतं. आज रिसेप्शनवरचा संगमेश सिस्टरला विचारत होता, मॅडम संशोधन कवा करून राहिल्या? सिस्टर म्हणाली, शाली संपल्या की. चला, स्टाफलाही विषयाची गोडी लागली.

६ ऑगस्ट, बुधवार
ओपीडी तुंबली. शिवानीला म्हटलं, नुसते दहा बघ. संध्याकाळपर्यंत बघत होती. कुरकुर नाही. अशी माणसं घडवावी लागतात.

३ सप्टेंबर, बुधवार
गणेश मंडळात तिच्या हस्ते आरती. निघताना म्हणाली, सर, पावसाळा सरला की साप कमी होतात, माझे नमुने राहून जातील. म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून नक्की. घरी आल्यावर बायकोनं, वर्षाराणीनं विचारलं, अहो, हे संशोधन हाय का वरात? तिला यातलं कळत नाही.

८ ऑक्टोबर
ट्रस्टचे लोक आले. साठ नमुने हवे होते, झाले सात. मी सत्काराचा अल्बम दाखवला. त्यांनी तिला बाजूला नेलं. काचेतून सगळं ऐकू आलं. तक्रार एक नाही. एवढंच म्हणाली, सर लई मोठे हायेत. मला लहान माणूस द्या, ज्याला वेळ असतो. अंगावर मूठभर मांस चढलं. मोठे म्हणाली.

१५ ऑक्टोबर
फेलोशिप तिच्या नावावर आहे म्हणे, हॉस्पिटलच्या नाही. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यात जाणार. मार्गदर्शक कुणीतरी तरुण, नावही ऐकलेलं नाही. वाया गेलेला पावसाळा ट्रस्ट वाढवून देणार नाही; उरलेल्या दोनांत जमलं तर जमलं. पावसाळे काय, येतात. संकल्प : निरोपाचा सत्कार असा करायचा की नांदेड बघत राहील.

२९ ऑक्टोबर, बुधवार
वरचा हॉल. हार आला, पाहुणे आले, शिवानी नाही. खाली देगलूरकडचा साप चावलेला पेशंट आलेला. संगमेशला पाठवलं. तो धापा टाकत थेट माइकपाशी येऊन मला म्हणाला, मॅडम म्हणल्या, सरांना सांगा, आज बुधवार हाय. माइक चालू होता. वर्षाराणी एकटीच हसली.
हार ताजा होता. संगमेशनं माझ्याच गळ्यात घातला. शालही मलाच. फोटो बरा आलाय. फ्लेक्सवरची शिवानी माझ्या डोक्यामागं झाकली गेलीय.
टाळ्या थांबल्यावर मी कान दिला. खाली तिनं दार लावून घेतलं होतं. काही ऐकू आलं नाही.