पान २१२

४ ऑक्टो., शनि.
या घरात माझ्या हातचं: सतरा खिडक्यांच्या चौकटी, काच जुनीच, पुट्टी जवसाच्या तेलात मी मळलेली. जिन्याच्या कठड्याचे बावीस लाकडी गज. स्वयंपाकघरातली कपाटं, एकही स्क्रू दिसत नाही. अक्रोडाच्या लाकडाचं देवघर. आणि आज संपवलं ते पोथीला असतं तसं लाकडी स्टँड, वकिलाच्या पुस्तकासाठी. कॉन्ट्रॅक्टर एकही नाही. कुणाकडे शिकलो नाही, डिग्रीही नाही. नेपरव्हिलच्या आपल्या मराठी मंडळात हे सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगतो.

वकील म्हणजे एझ्रा थॉर्नबी. हे घर त्याने बांधलं. दीडशे वर्षं होतील. दोनदा या गावाचा मेयर. तोही कॉलेजात गेला नाही, दुसऱ्या वकिलाचं ऑफिस झाडता झाडता कायदा वाचला. मी त्याला वकीलसाहेब म्हणतो. इथे व.सा.

जिन्याखालची भिंत उघडली तेव्हा त्याच्या पत्रांच्या नकलांचं पुस्तक सापडलं. पत्र पाठवण्याआधी त्यावर ओला पातळ कागद ठेवून लोखंडी प्रेसमध्ये दाबायचे. अक्षरं उलटी उमटतात, पानाच्या पाठीमागून वाचायची. प्रत्येक पानाला, पाठपोट मिळून, एकच छापील आकडा. रोज तीन पानं वाचतो, चौथं नाही. आज १६९ झालं.

७ ऑक्टो.
नव्या टाउन हॉलला व.सा.चं नाव देणार. पितळी पाटीवरचा मजकूर मी लिहायचा, साठ शब्दांत. खाली बारीक अक्षरात माझं नाव. या गावात कुठल्याही पाटीवर आपल्यापैकी कुणाचं नाव नाही.
हे ठरवणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर थॉर्नबी, व.सा.चा पणतू. त्याची एकच अट: ‘प्रामाणिक’ हा शब्द हवा. म्हटलं, चालेल की.

११ ऑक्टो., शनि.
देशमुखकाका आले. रिटायर्ड सर्जन, कमिटीवर आहेत. मी या देशात आलो तेव्हा पहिले चार महिने यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. पुस्तक तीन दिवसांसाठी मागितलं. नाही कसं म्हणणार.
पानं मोजून द्यायला हवी होती. लिहूनही घ्यायला हवं होतं. पण काका समोर बसून माधुरीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खातायत आणि मी त्यांच्यासमोर पानं मोजतोय, हे कसं दिसलं असतं? टॉवेलमध्ये गुंडाळून दिलं. काका म्हणाले, “अरे मोहन, बाळंतिणीच्या खोलीतनं बाळ नेतोय असं वाटतंय.”

१४ ऑक्टो.
पुस्तक परत. वेळेवर. टॉवेल तोच, घडी वेगळी.
आज १९०.

२१ ऑक्टो.
२११. हॅना ब्रिग्ज या विधवेला पत्र. नदीकाठची तिची जमीन मिल कंपनीने बळकावली होती, व.सा. तिचा वकील. लिहितो की कागद कोर्टात मुदतीत पोचले नाहीत, जमीन गेली, फार वाईट वाटतं. पत्र चांगलं आहे. जरा जास्तच चांगलं. स्वतः चूक केली असं कुठे म्हणत नाही. कागद आपोआप उशिरा पोचल्यासारखे.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.
२१२ नाही. २११ नंतर एकदम २१३. शिवणीत दोन मिलिमीटरची पट्टी राहिली आहे. सरळ काप. फूटपट्टी लावलेली नाही, हात बसलेला.
पुस्तकाच्या सुरुवातीला नावांची सूची आहे. ती वाचली नव्हती, आधीच कळलं तर वाचण्यात काय राहिलं. आज वाचली. व.सा.च्याच अक्षरात: मिल कंपनी, २१२. २११ आणि २१३ वर तारीख एकच. म्हणजे विधवेला लिहिलं त्याच दिवशी समोरच्या पार्टीलाही लिहिलं.
काय लिहिलं?
आणि कापलं कुणी. सर्जन.
माधुरीने ओवाळलं तेव्हा लक्ष नव्हतं. तिला कळलं.

२३ ऑक्टो.
काप जुना की नवा हे ठरवायची टेस्ट: शेवटचं एक कोरं पान माझ्या ब्लेडने कापलं, तेवढीच पट्टी ठेवून. दोन्ही कडा भिंगाखाली शेजारी शेजारी. सारख्या. हा कागद आतल्या बाजूला पिवळाच पडत नाही, दीडशे वर्षांनीही, म्हणजे काप जुना असला तरी असाच दिसेल.
टेस्ट संपल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आता पुस्तकात दोन पानं कापलेली आहेत, आणि त्यातलं एक मी कापलंय. उद्या कुणी तज्ज्ञ आणला तर तो कुणाकडे बघेल?
एवढा गाढवपणा मी आयुष्यात केलेला नाही.

२५ ऑक्टो., शनि.
मंडळाची दिवाळी, शाळेच्या जिममध्ये. काकांना जेवणाच्या रांगेत गाठलं. आडून विचारलं, पुस्तक चाळताना कुठे पान सुटं वगैरे दिसलं का. ते थांबले. हातात ताट, मागे रांग.
“मोहन, मी चाळीस वर्षं माणसं कापली, कागद नाही.”
म्हटलं, काका, मी तसं म्हणत नाहीये.
“म्हणतोयस. पानं मोजून का नाही दिलीस?”
मग हसले, माझ्या ताटात त्यांच्या हाताने एक अनारसा ठेवला. “अरे, तुझा तो वकील होता. संत म्हणून कशाला घरात बसवलास?”
पान कापलंय असं मी म्हटलंच नव्हतं. सुटं म्हटलं होतं. पण कापण्याची गोष्ट ते नेहमीच करतात, सर्जन आहेत, हा त्यांचा जुनाच विनोद. यावरून काहीच धरता येत नाही.
बेसमेंटमधले ते चार महिने आठवले. एक दिवस भाड्याचा विषय काढला नव्हता त्यांनी.

२६ ऑक्टो.
माधुरीला सगळं सांगितलं. माझ्या कापासकट. ती म्हणाली, “तुला काकांचा राग नाहीये. तुझा वकील खोटा निघाला तर काय, याची भीती आहे.”
मग भांडी लावताना, माझ्याकडे न बघता: “तो स्वतः शिकला, तू स्वतः शिकलास. एवढ्यावर तू त्याला प्रामाणिक ठरवून टाकलंस.”
व.सा. पुढच्याच वर्षी मेयर झाला. मिलच्या मालकाने त्याचा प्रचार केला, पान २४० वर त्याचे आभार आहेत. आज नियम मोडून पुढचं सगळं वाचलं. हॅना ब्रिग्जचं नाव पुन्हा कुठेच नाही.

१ नोव्हें.
मजकूर पाठवला. एकोणसाठ शब्द. ‘प्रामाणिक’ काढला. कारण लिहिलं: एका पत्राची नक्कल मिळत नाही, ती मिळेपर्यंत या शब्दाखाली माझं नाव घालता येणार नाही. एक कोरं पान मी स्वतः कापल्याचंही लिहिलं. पाठवायला दोन तास लागले, तेवढ्या एका वाक्यासाठी.

४ नोव्हें.
कमिटीकडून काही नाही. काकांचा फोन: “बरं केलंस. वाईटही केलंस.” कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

८ नोव्हें., शनि.
वॉल्टर घरी आला, एकटाच. जिन्याच्या गजांवरून हात फिरवला, कुणी बनवले विचारलं. सांगितलं. मग बसला.
म्हणाला, त्याच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं, भिंतीत एक पुस्तक आहे, ते तिथेच राहू दे. विचारलं, त्यातलं पान आजोबांनी कापलं का? “कुठलं पान?” म्हणाला. फार पटकन म्हणाला. की मलाच तसं वाटलं? माझं पत्र वाचलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. पण त्याने ते वाचलंच नसेल, असंही होऊ शकतं. सत्त्याहत्तर वर्षांचा आहे.
त्याचं म्हणणं: पुस्तक त्याला विकायचं, सूचीसकट. ते गावच्या म्युझियममध्ये नाही, त्याच्या घरी जाणार. पाटीवर शब्द राहील आणि खाली माझं नाव, आधी ठरलं होतं त्याहून मोठ्या अक्षरात. चेक लिहूनच आणला होता, कॉफीच्या कपाखाली सरकवला. म्हटलं, पुस्तक विकायचं नाही, त्या शब्दाखाली माझं नावही नको, आणि चेक काढून त्याच्या हातात परत दिला. नऊ हजार डॉलर.