कार्डाचं बिल तिच्या फोनवर

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. पाया पडायला दोन दिवसांचा प्रवास आड येतो, तेव्हा कागदावरच वाकलोय असं समज. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणारच, तरी विचारायची रीत म्हणून विचारलं. मी ठीक आहे. (वजन चार किलोंनी उतरलंय. दुकानात मी सांगतो, मुद्दाम उतरवलं.)

पत्रास कारण की तुझा भाऊ थकबाकीदार झाला. वाचनालयाचं पुस्तकसुद्धा ज्यानं कधी एक दिवस उशिरा दिलं नाही, तो मी! झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी मी कपडे धुण्याचं मशीन घ्यायला निघालो. तुझी भावजय अकरा वर्षं ते मागत होती आणि मी अकरा वर्षं म्हणत होतो, "दोघांच्या कपड्यांना मशीन कशाला?" आता एकाच्या कपड्यांना घेतलं. या वाक्यावर तू काय म्हणशील ते माझं स्वतःला म्हणून झालंय, तेव्हा पुढे वाच.

बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, क्रेडिट कार्ड घ्या, पैसे नंतर भरा." मला 'नंतर' हा शब्द फार आवडला. तिनं खात्यावरचा मोबाइल नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, "हाच ना?" मी मान हलवली. नंबर तिचा होता, म्हणजे तुझ्या भावजयीचा. सगळ्या फॉर्मांवर तोच असायचा. मला पाठ असलेला जगातला एकुलता एक नंबर तो. (स्वतःचा कुणाला पाठ असतो? आपण आपल्याला कधी फोन करतो?) पाठ असलेलं काही कुणी म्हटलं की मान आपोआप हलते, त्यात विचार नसतो. कार्ड आलं, मशीन आलं, आणि पैसे बँक आपली आपण कापून घेईल अशा समजुतीत मी गाढ राहिलो.

मग दुकानाच्या फोनवर फोन. मी काचा घासत होतो. मालकांनी रिसीव्हर पुढे केला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वसुलीवाले आहेत." लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून मी तीस वर्षं चष्मे बनवतोय, आणि बिलाची तारीख मलाच दिसली नाही, यावर एक गिऱ्हाईक चांगलं हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "सहा मेसेज पाठवले, दोनदा फोन केला. बंद लागतो." तो बंदच होता, ताई. कपाटात, तिच्या निळ्या स्वेटरखाली, सात महिने. (रिचार्ज मात्र मी दर महिन्याला करत होतो. का, ते विचारू नकोस.) साहेबांनी बिल छापून दिलं. त्यात एके ठिकाणी 'किमान रक्कम' म्हणून अगदीच थोडे पैसे लिहिलेले. मला वाटलं, तेवढंच भरायचं. बँक किती समंजस! मी त्यांचे आभारसुद्धा मानले. साहेबांनी डोक्याला हात लावला. "काका, तेवढंच भरत राहिलात तर बाकीच्या पैशांवर व्याज चढत जाईल, मशीन भंगारात गेलं तरी बिल संपणार नाही. पूर्ण भरा. आणि उशिराचा दंड माफ होतो का, ते ग्राहक सेवेला विचारा. नोंदवलेल्या नंबरवरूनच फोन करा."

संध्याकाळी तो फोन चार्जिंगला लावला आणि समोर स्टुलावर बसलो. उजेड आला, पाठोपाठ मेसेज यायला लागले. पहिला 'प्रिय ग्राहक', शेवटचा 'अंतिम सूचना'. तिला आयुष्यात कुणी अंतिम सूचना दिली नव्हती. दिली असती तर त्या माणसाची काही धडगत नव्हती. मी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, खात्यावर पहिलं नाव मॅडमचं आहे. त्यांना फोन देता का?"

"त्या नाहीत."

"मग केव्हा भेटतील?"

ताई, खरं सांगतो, मी विचार करायला लागलो. किती वेळ, कळलं नाही. तीच म्हणाली, "सर...? सॉरी सर." मग कळफलकाचा आवाज आला. "तुमची पहिलीच वेळ आहे. दंड मी काढून टाकते. व्याज माझ्या हातात नाही." मी म्हटलं, "असू दे, व्याज भरतो." ती म्हणाली, "जेवा वेळेवर, सर." हे त्यांना शिकवत असतील का गं?

दुसऱ्या दिवशी सगळे पैसे भरले, पुढची बिलं खात्यातून परस्पर जातील असं लिहून दिलं. मृत्यूचा दाखला सात महिने फायलीत होता, तोही दिला. नंबर बदलण्याच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता, दोन बोटांएवढा. नवा नंबर म्हणून मी तोच जुना लिहिला, आणि कारण म्हणून, 'नंबर आता माझा.' बँकेतल्या मुलीनं वाचलं आणि शिक्का मारला.

कळावे. काळजी करू नकोस, नाहीतर कर. तू ऐकणार थोडीच.

तुझा,
धाकटा

ता. क. मशीन उत्तम चालतं. पांढरे शर्ट गुलाबी झाले, पण स्वच्छ गुलाबी.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं. त्या फोनवर बँकेच्या मेसेजांच्या मधे मधे दुसरेही मेसेज होते: फोन बंद असताना कोणाचे कॉल येऊन गेले त्याचे. सगळे एकाच नंबरवरून. दर रविवारी, दुपारी चारला. तुझा नंबर मला पाठ नाही, म्हणून डायरीत पडताळून पाहिला.

मी काही विचारत नाही. फोन आता चालू ठेवलाय, खिडकीपाशी. रविवारी लाव. मी थोडा वेळ वाजू देईन, मग उचलेन. तिला जे सांगायचं असेल ते सांग. मी मधे बोलणार नाही.